अक्रातील भाड्याची घरे : विदर्भातून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

घानाची राजधानी अक्रा आणि तिच्या पूर्वेचे तेमा बंदर येथे नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्याकडील तरुणाने पहिल्या वर्षी ‘कंपाउंड हाउस’मधील खोलीच भाड्याने घ्यावी, असे तिथल्या अनेक प्रकारच्या घरांत राहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. आमच्या दारव्हा तालुक्यातील आयटीआय झालेली मुले तेमाच्या कारखान्यांत फिटर किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून निघतात, तेव्हा त्यांना पगाराचा आकडा तोंडपाठ असतो. पण राहायचे कुठे, याची चौकशी कोणी केलेली नसते. कंपनीकडून खोली मिळणार नसेल, तर ही चौकशी निघण्याआधीच करायला हवी.

कंपाउंड हाउसची रचना आपल्या भावकीच्या जुन्या वाड्यासारखी असते. मध्ये मोकळे अंगण, सभोवती एकेका कुटुंबाच्या खोल्या आणि एका कोपऱ्यात सर्वांची मिळून न्हाणी व संडास. फरक इतकाच की, इथे भावकीऐवजी गा, अकान, एवे, हाउसा अशा निरनिराळ्या भाषा बोलणारे भाडेकरू शेजारी असतात. भिंती सिमेंट-रेतीच्या ब्लॉकच्या, वर टिन आणि खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. या पट्ट्यांमागची जाळी फाटलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण तिथे मलेरिया बारमाही आहे. संध्याकाळी अंगणात फुफू म्हणजे तिथल्या जेवणातला मऊ गोळा कुटणे सुरू होते. एक जण उभा राहून लांब मुसळाने उकडलेला कसावा (एक कंद) आणि केळी कुटतो, तर दुसरी व्यक्ती उखळाशी बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात हाताने गोळा उलटत राहते. ज्याला शांतता हवी, त्याला हा आवाज सोसणार नाही. परंतु परक्या मुलखात तापाने अंथरूण धरल्यावर सकाळी दार का उघडले नाही, हे विचारणारे कोणीतरी याच अंगणात असते, आणि नवख्या माणसासाठी मला हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

खोली पाहताना वीज आणि पाणी यांची विचारपूस सर्वांत आधी करावी. विजेचे मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड असून पुष्कळदा चार-पाच खोल्यांना मिळून एकच असते. मग कोणाकडे फ्रीज आहे, कोण इस्त्री करतो आणि कोणी किती पैसे भरायचे, यावरून दर महिन्याला कुरबुर होते. त्यामुळे भाडे थोडे जास्त पडले तरी स्वतंत्र मीटरची खोली घ्यावी. नळाला रोज पाणी येईलच असे नाही. म्हणून अंगणात ‘पॉलिटँक’ म्हणतात ती प्लास्टिकची मोठी टाकी आहे का, ती कोण भरते आणि टँकरचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, हे घरमालकाच्या तोंडून ऐकून घ्यावे. उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या आपल्या माणसांना हे प्रश्न सुचवावे लागू नयेत. पण परदेशात गेल्यावर ते विचारायला आपण संकोचतो.

या सर्व व्यवस्थेतील खरा दोष आगाऊ भाड्याचा आहे. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्यानुसार नव्या भाडेकरूकडून ६ महिन्यांहून अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही. प्रत्यक्षात मात्र एक, किंबहुना दोन वर्षांचे भाडे एकरकमी मागण्याची पद्धत सर्रास आहे. त्यावर एजंटाची दलाली साधारण १० टक्के असते, आणि केवळ खोली दाखवण्याचेही पैसे वेगळे घेतले जातात. माझ्याकडून एका एजंटाने असे पैसे घेतले आणि आधीच दुसऱ्याला दिलेली खोली दाखवली. नुकताच आलेला मजूर एवढी रक्कम कुठून आणणार? घरचे सोने गहाण ठेवून ती उभी करणारी कुटुंबे मी आपल्या भागात पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. ६ महिन्यांवर राजी होणारे घरमालक भेटतात. शोधायला वेळ लागतो, एवढेच. पैसे दिल्यावर लेखी करार आणि पावती दोन्ही घ्यावीत.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. ईस्ट लेगॉन किंवा एअरपोर्ट रेसिडेन्शियल भागातील पहारेकरी आणि जनरेटर असलेल्या फ्लॅटचे भाडे बरेचदा डॉलरमध्ये सांगतात, त्यामुळे कंपनी भरणार असेल तरच तो विचार करावा. बंगल्यामागे नोकरांसाठी बांधलेल्या ‘बॉईज क्वार्टर्स’च्या खोल्या स्वच्छ आणि शांत असतात, मात्र फाटकाची किल्ली मालकाकडे राहते आणि रात्रपाळी करणाऱ्याची त्यात अडचण होते. लाकडी खोपटे आणि कंटेनरची घरे स्वस्त असली, तरी ती पालिका कधी हटवील याचा नेम नसतो.

घर कोणतेही असो, सखल भाग टाळावा. ३ जून २०१५ च्या पावसात अक्रात मोठा पूर आला आणि एनक्रुमा सर्कल या चौकाजवळ आसऱ्याला थांबलेल्या लोकांवर पेट्रोल पंपाच्या स्फोटाची आपत्ती कोसळली. त्या रात्री दीडशेहून अधिक माणसे गेली. अक्रातून वाहणाऱ्या ओडॉ नदीच्या काठची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. काम तेमात असेल तर तेमातच राहणे उत्तम. ते शहर आखून वसवलेले असून त्याच्या वस्त्यांना कम्युनिटी १, कम्युनिटी २ असे क्रमांक आहेत, त्यामुळे नवख्यालाही पत्ता सापडतो.

पत्नी सोबत जाणार असेल, तर ‘चेंबर अँड हॉल’ म्हणजे बैठकीची एक आणि झोपण्याची एक अशा दोन खोल्या घ्याव्यात आणि त्यांना स्वतंत्र न्हाणी असल्याची खात्री करावी. शाकाहारी कुटुंबाने गॅसची शेगडी आपल्याच खोलीत ठेवण्याची परवानगी करारातच लिहून घ्यावी, कारण सामाईक स्वयंपाकाच्या जागेत धुरी दिलेल्या मासळीचा वास कायम असतो आणि त्याबद्दल शेजाऱ्यांकडे तक्रार करणे योग्य नाही.