सोलमधली फुकट संस्कृती आणि पूर्वजांचं बिल

सोलमध्ये इन्सादोंग, म्योंगदोंग किंवा ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आसपास फिरताना दोन हसतमुख माणसं तुमच्याजवळ येतील. बहुधा एक तरुण मुलगी आणि तिच्यासोबत जरा पोक्त बाई. “कोरियन संस्कृती अनुभवायची का? हानबोक, म्हणजे आमचा पारंपरिक पोशाख घाला, पारंपरिक विधी बघा, सगळं फुकट,” असं त्या म्हणाल्या तर सरळ पुढे चालू लागा. घाईत असाल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल. पण हा डाव कसा रचतात ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्याकडच्या माणसाला तो जरा जास्तच लागू पडतो.

माझी भाची लॉकडाऊनपासून कोरियन मालिकांवर वाढलेली. तिच्या हट्टापायी आम्ही दोघी गेलो. सकाळ ग्योंगबोकगुंगमध्ये छान गेली. राजवाड्याचं तिकीट तसं ३,००० वॉन, पण हानबोक घातलं की प्रवेश मोफत. म्हणून आजूबाजूला भाड्याने हानबोक देणाऱ्या दुकानांची रांगच आहे. तिथला व्यवहार चोख असतो. दर पाटीवर लिहिलेले, तासांचा हिशोब, वेळेत परत करा, विषय संपला. पहारेकऱ्यांच्या बदलीचा सोहळा बघितला, भाचीचे हवे तेवढे फोटो काढले आणि दुपारी इन्सादोंगला चालत निघालो.

तिथे ती मुलगी भेटली, सोबत तशीच एक पोक्त बाई. मुलीचं इंग्रजी उत्तम. “भारतातून ना?” म्हणत हात जोडून नमस्कार केला. आपण विद्यार्थी आहोत, परदेशी पाहुण्यांना कोरियाची ओळख करून देतो, असं सांगितलं. मग राजवाड्याबद्दल बोलू लागली: १३९५ साली बांधला, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पुढे पावणेतीनशे वर्षं पडीक होता, १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. तिने सांगितलेलं सगळं खरं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण “खोटं बोलणारा माणूस बोलण्यावरून कळतोच” असं मला नंतर बऱ्याच जणांनी ऐकवलं. पहिला अर्धा तास ती एक अक्षरही खोटं बोलली नाही. वर भाचीला म्हणाली, “तुझा चेहरा फार तेजस्वी आहे, तुझ्या घराण्यावर पूर्वजांची कृपा असणार.” भाची लाजली. मीही सुखावले.

“आमच्या केंद्रात आज पूर्वजांचा विधी आहे. बघायचाय? परदेशी लोकांना सहसा बघायला मिळत नाही.”

हा शेवटचा मुद्दा फार हुशारीने निवडलेला असतो. जेसा, म्हणजे पूर्वजांना नैवेद्य दाखवण्याचा कोरियन विधी, खरोखरच बाहेरच्यांना दिसत नाही. तो घरातल्या घरात, त्या माणसाच्या मृत्यूच्या तिथीला होतो. चुसोक आणि सोल्लाल या मोठ्या सणांना सकाळी सगळं घर जमून पूर्वजांची पूजा करतं. मालिकांत भाचीने ते शंभरदा पाहिलेलं. मांडलेली फळं, उदबत्ती, गुडघे टेकून घातलेला मोठा नमस्कार. त्यामुळे “चल ना मावशी, असं पुन्हा कधी मिळणार?” हे ठरलेलंच होतं.

मेट्रोने काही स्टेशनं गेलो. साधी वस्ती, खाली किराणा दुकान, वर जिना. कुठल्याही केंद्राची पाटी नाही. आत बूट काढले, बार्लीचा चहा मिळाला, आणखी तीन-चार बायका आल्या. सगळ्या अतिशय प्रेमळ. आम्हाला कपड्यांवरूनच हानबोक चढवलं; सकाळच्या भाड्याच्या हानबोकपुढे ते विटलेलं आणि ढगळ होतं. फोन बाजूच्या खोलीत ठेवायला सांगितले. फोटो नाही. संस्कृती दाखवायला बोलावलं आणि फोटो मात्र नाही!

मग प्रश्न सुरू झाले. पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडील आहेत का, आजोबा कधी गेले, घरात कुणाचं लग्न अडलंय का, कुणाला आजार आहे का. माझ्या भावाचं बायपासचं ऑपरेशन झालेलं. ते मी बोलून गेले. त्या पोक्त बाईने डोळे मिटले, हळहळली आणि मुलीमार्फत सांगितलं: तुमच्या घराण्यातल्या काही पूर्वजांना अजून शांती नाही, त्यांचं दुःख खालच्या पिढीवर येतंय, आणि ते आज तुमच्या हातून सुटायचं आहे म्हणूनच तुम्ही इतक्या लांब आलात.

आता सांगा, हे मराठी माणसाला नवीन आहे का? पितृदोष. गल्लीबोळातल्या ज्योतिषाने हेच सांगितलं तर आपण “पुढच्या वेळी बघू” म्हणून चप्पल पायात सरकवतो. कुठल्याही तीर्थाच्या पायऱ्यांवर “आजोबांचं काही राहिलंय का?” विचारणाऱ्याला मी आजवर दाद दिलेली नाही. पण तेच वाक्य कोरियन उच्चारात आलं की त्याला अनुभव म्हणतात. परक्या देशात आपण पाहुणे, त्यांच्या श्रद्धेचा अपमान नको, कुणाला वाईट वाटायला नको, या सगळ्या सभ्यपणावर तो डाव उभा असतो. शिवाय श्राद्ध आपल्याला ठाऊक असल्याने त्या ताटात काहीच खटकत नाही. युरोपातून आलेल्या पाहुण्याला निदान विचित्र तरी वाटत असेल. मला घरच्यासारखं वाटलं.

विधीच्या आधी पैशांचं निघालं. “फुकट” हा शब्द कुणी मागे घेतला नाही; फक्त नैवेद्याची फळं आणि भात तुमच्या पूर्वजांसाठी आहेत, म्हणजे ते तुमच्याच पैशांचे हवेत. किती? मनाला येईल तेवढे. मी दहा हजार वॉनची नोट काढली, सेजोंग राजाचं चित्र असलेली. त्यांनी नोटेकडे पाहिलं आणि सगळ्या गप्प झाल्या. इतके कमी दिले तर पूर्वज नाराज होतील, न केलेलं बरं. मग आकडा आला: माणशी एक लाख वॉन. माझ्याकडे एवढी रोख नव्हती. त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातलं एटीएम माहीत होतं, आणि ती मुलगी माझ्याबरोबर आली. भाची वरच थांबली होती. “नाही” म्हणून सरळ निघून जाणं मला तेव्हा अशक्य होतं, ते एवढ्यासाठी. दोघींचे मिळून दोन लाख वॉन, आपले बारा हजार रुपयांच्या वर.

विधी तसा लांबलचक झाला. कागदावर आमची नावं लिहिली, पुष्कळ नमस्कार घातले, शेवटी तो कागद जाळला. प्रसादाची फळं खायला दिली. निघताना बजावलं की हे कुणालाही सांगायचं नाही, सांगितलं तर फळ मिळत नाही. आणि भाचीचा फोन नंबर घेतला.

संध्याकाळी गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंना भाचीने फोटो नसलेला हा अनुभव कौतुकाने सांगितला. त्या मध्येच थांबवून म्हणाल्या, “किती घेतले?” सोलमधल्या लोकांना हा प्रकार लहानपणापासून ठाऊक असतो. ‘आपला चेहरा तेजस्वी आहे’, ‘आपल्याला सत्याचा मार्ग माहीत आहे का’ असं विचारत रस्त्यात थांबवणारे म्हणजे तिकडे टिंगलीचा विषय. स्थानिक लोक कानात हेडफोन घालून पुढे जातात, म्हणून आता मोर्चा परदेशी पाहुण्यांकडे वळलेला. बाई एक गोष्ट म्हणाल्या ती पटली: जेसा आम्ही आमच्याच पूर्वजांचा, आमच्याच घरी करतो. अनोळखी माणसाच्या आजोबांचा जेसा पैसे घेऊन लावणारं घर कोरियात कुठून आलं?

१३३० या पर्यटन हेल्पलाइनवर फोन केला. ती चोवीस तास चालते, इंग्रजीतही बोलतात. नीट ऐकून घेतलं, पोलिसांकडे कसं जायचं ते सांगितलं. पण हातानेच काढून दिलेले पैसे, पावती नाही, पत्ता आठवत नाही. त्यातून काही निघालं नाही. भाचीला मात्र पुढे कित्येक दिवस मेसेज येत राहिले. पूर्वज प्रसन्न झालेत, आता दुसरा टप्पा, पैसे ऑनलाइन पाठवले तरी चालतील. मग तिने नंबर ब्लॉक केला.

संस्कृतीच बघायची असेल तर सोलमध्ये ती उघड्यावर आहे. पूर्वजपूजाच बघायची तर जोंगम्यो आहे, जोसोन घराण्यातल्या राजा-राण्यांच्या स्मृतिपट्ट्या ठेवलेलं देवस्थान, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी राजघराण्याचा जेसा संगीतासह सर्वांसमोर होतो. राष्ट्रीय संग्रहालयाचं कायमचं दालन मोफत. इन्सादोंगजवळच्या जोग्येसा मंदिरात कुणीही जाऊन बसावं, नाव-गाव कुणी विचारत नाही. मठात राहायचं तर २००२ पासून चालू असलेला टेंपलस्टे आहे, दर आधीच छापलेले. रस्त्यात माहिती हवी असेल तर म्योंगदोंग, इन्सादोंग भागात लाल पोशाखातले, ‘आय’ अक्षराचं चिन्ह लावलेले पर्यटन मदतनीस उभे असतात. ते रस्ता दाखवतात, पैसे घेत नाहीत, कुणाच्या घरी नेत नाहीत आणि तुमचे आजोबा कधी गेले हे त्यांना जाणून घ्यायचं नसतं.

आणि कुणी आधीच त्या जिन्यावर पोहोचलं असेल तर: फोन हातातून सोडू नका, दोघं असाल तर वेगळे होऊ नका, जन्मतारीख आणि पासपोर्ट देऊ नका. पैशांची गोष्ट निघाली की त्यांच्यासमोरच १३३० लावून स्पीकरवर ठेवा. एटीएमपर्यंत मात्र जाऊच नका. त्या दारातून बाहेर पडलात की थेट मेट्रो स्टेशन गाठा.