गोव्याच्या परसात सफरचंदाचं कलम: २३ महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारी २०२४ ला हिमाचलमधून सफरचंदाची तीन कलमं ऑनलाइन मागवली होती, आता डिसेंबर २०२५ चालू आहे. तीनातली दोन जिवंत आहेत, एक गेलं, आणि यंदा मे महिन्यात चार फळं हाताला लागली. घेतल्या घेतल्या आठ दिवसांत रिव्ह्यू लिहिणारे खूप असतात पण झाडाचं खरं काय ते दोन पावसाळे काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

आमचं घर फोंडा तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. परसात दोन हात खणलं की जांभा लागतो. झाड लावतोय म्हटल्यावर जो तो एकच विचारायचा, अरे गोव्यात थंडी कुठे, सफरचंद कसं होणार? मीही सहा महिने तेच डोक्यात घेऊन बसलो होतो, थंडी थंडी थंडी, आणि तिथेच चुकलो. माझं जे झाड गेलं ते थंडीवाचून नाही गेलं, पाण्याने गेलं. गोव्यात कोणी हे कलम घेणार असेल तर पाण्याचं आधी बघा, बाकी सगळं नंतर.

थोडं जातींबद्दल, कारण घेताना इथेच गोंधळ होतो. नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात साधारण ७ अंशाच्या खाली हजारभर तास थंडी लागते, ती मिळाली नाही तर फांदीवरचे डोळे (कोंबाच्या कळ्या) फुटतच नाहीत. आपल्याकडे पणजीला जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा २० च्या आसपासच असतो, म्हणजे आपला हिशोब सरळ शून्य. म्हणून कमी थंडीवाल्या जाती घ्यायच्या. एचआरएमएन-९९ ही हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पन्याला गावच्या हरिमन शर्मांनी घराजवळ बियांतून उगवलेल्या झाडावरून पुढे आणलेली जात, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरचं कोणी असल्यासारखा आनंद झाला होता. दुसरी अ‍ॅना, ही इस्रायलची. तिसरी डॉर्सेट गोल्डन, बहामाजची, ती मी घेतली नाही. मी दोन एचआरएमएन आणि एक अ‍ॅना घेतली, कुरिअर धरून १४५० रुपये पडले. दोन वेगळ्या जाती अशासाठी की एकाच वेळी फुलल्या तर परागीभवन चांगलं होतं, एकटं झाड लावून वाट बघत बसू नका.

पार्सल उघडलं तेव्हा आमच्या आईला वाटलं फसवलं. काड्याच होत्या नुसत्या, पान नाही, माती नाही, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून वर वर्तमानपत्र. ही कलमं झोपेत असतानाच पाठवतात, डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. उलट उन्हाळ्यात कोणी पानांसकट पाठवतो म्हणाला तर घेऊ नका. मुळं तीनचार तास साध्या पाण्यात बुडवून ठेवली आणि संध्याकाळी लावली.

आमचे आजोबा काजू-आंब्याची कलमं करायचे त्यामुळे सांधा बघायची सवय लहानपणापासून आहे. आंब्याचं कोय कलम कोवळ्या कोवळ्या काडीवर, पावसाळ्याच्या दमट हवेत बांधतात. सफरचंदाचं उलट, तिथे दोन्ही काड्या झोपलेल्या असतानाच जिभेसारखा काप घेऊन एकमेकांत अडकवतात. सांध्याच्या खालचा भाग म्हणजे खुंट, आणि हा खुंट कुठला आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. एमएम १०६, एमएम १११, एम ९ अशी नावं असतात, इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंगला तयार झालेले खुंट आहेत हे. त्यातला एमएम १०६ बुंधा कुजण्याच्या रोगाला लवकर बळी पडतो. एमएम १११ त्या मानाने दणकट, झाड मोठं होतं, पाण्याचा ताणही सोसतो. एम ९ चं झाड बुटकं राहतं पण मुळं वरवर आणि ठिसूळ, त्याला कायम काठीचा आधार लागतो. मी सेलरला फोन करून विचारलं तर म्हणाला सगळे सेमच असतात, लावा बिनधास्त. मागाहून माझ्या तीनातल्या दोघांच्या लेबलावर एमएम १११ सापडलं आणि एकावर १०६. गेलं ते १०६ च. दोष एकट्या खुंटाचा नाही, माझाही आहे, पण आधी सांगितलं असतं तर ते झाड मी वेगळ्या जागी लावलं असतं.

आता लावण्याचं. एमएम १११ वालं एचआरएमएन आणि अ‍ॅना पूर्वेला स्वयंपाकघराच्या बाजूने लावली, तिथे आधीपासून चिऱ्यांचा जुना चौथरा होता, त्यावरच माती चढवून उंचवटा केला, जागेची अडचण म्हणून, हुशारी म्हणून नव्हे. तिसऱ्याला मात्र पुस्तकात असतो तसा छान दोन बाय दोन फुटाचा खड्डा पिकावाने खणला, दोन माणसांना अर्धा दिवस लागला, आणि शेणखत-माती भरून सपाट जमिनीत लावलं. त्या झाडावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे बादली असते हे तेव्हा लक्षात आलं नाही, पाणी वरून शिरतं आणि खाली जायला वाट नसते.

२०२४ चा जुलै गोव्यातल्यांना आठवत असेल, पाऊस थांबतच नव्हता. खड्ड्यातलं शेणखत बसलं, माती खचली, झाड चारपाच बोटं खाली गेलं आणि कलमाचा सांधा चिखलात बुडाला. त्यात मी पोफळीला घालतो तशी वरून मातीची भर पण घातली. आपल्याकडे माडा-पोफळीला पावसात भर घालायची सवय हाताला इतकी लागलेली असते की विचार न करता खोरं चालतं. सफरचंदाच्या कलमाला भर अजिबात घालायची नाही, सांधा जमिनीच्या वर निदान चार-सहा इंच उघडा पाहिजे.

ऑगस्टात पानं लहान पडायला लागली आणि कडेने तांबूस जांभळट झाली. मला वाटलं खत कमी पडतंय, अजून खत दिलं. चतुर्थीच्या चारपाच दिवस आधी पाऊस उघडला तेव्हा बुंध्याजवळ बसून माती बाजूला केली आणि नखाने साल खरवडली. वर सांध्याच्या दोन बोटं वर हिरवी, ओली, जिवंत साल. तिथून खाली एक रेघ मारल्यासारखी हद्द, आणि रेघेखाली सगळं कॉफीसारखं तपकिरी, बोटाने दाबलं तर साल सरकून हातात येत होती, वास कुजलेल्या बटाट्यासारखा. रेघ बुंध्याभोवती पूर्ण फिरली होती त्यामुळे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन दिवसांनी उपटलं. घरात गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं सामान येत होतं आणि मी परसात ते झाड हातात घेऊन उभा होतो, खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात उरलेल्या दोघांचं आळं फोडून टाकलं आणि उताराच्या बाजूने पाट काढला. मेव्हण्याचं सत्तरी तालुक्यात कुळागर (पोफळीची बाग) आहे, ते फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळीवर दर पावसाळ्यात बोर्डो मारतात, त्यांनीच सांगितलं की मोरचूद आणि चुना एक-एक किलो दहा लिटर पाण्यात, असं घट्ट बोर्डो पेस्ट करून बुंध्याला फूट-दीड फूट लाव. तेव्हापासून मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा लावतो. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडाच्या नको.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे सांध्यावरची पट्टी. हिमाचलहून येताना प्लास्टिकची घट्ट बांधलेली असते. मी जूनपर्यंत तशीच ठेवली, मग बघितलं तर अ‍ॅनाच्या सालीत पट्टी रुतून वर-खाली फुगवटा आला होता, ब्लेडने उभी चिरून काढावी लागली. आजही हात फिरवला की ती खाच लागते. एप्रिलमध्ये नवीन फूट वीतभर झाली की पट्टी काढा. आणि सांध्याखालून जे फुटवे येतात ते खुंटाचे असतात, दिसले की अंगठ्याने मोडा, नाहीतर तेच झाड होऊन बसतं.

माती आपली आंबट असते, माझी तपासून घेतली तर सामू (पीएच) ५.३ आला, सफरचंदाला साडेसहाच्या जवळ लागतो. झाडामागे अर्धा किलो चुना लावायच्या आधी मिसळला होता, आता वर्षातून एकदा मूठमूठ टाकतो. उन्हाळ्यात बुंध्याभोवती नारळाची सोडणं उलटी मांडतो आणि वर पोफळीच्या झावळ्या, पण बुंध्याला टेकवत नाही. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हाने साल भाजते म्हणून पश्चिमेच्या बाजूने खोडाला चुना फासलाय. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे येतात, एका रात्रीत पानांची चाळण करतात, तेवढे आठ-दहा दिवस मी आणि मुलगी बॅटरी घेऊन झाड हलवून साबणाच्या पाण्यात पाडतो. पावसाळाभर मोठ्या आफ्रिकन गोगलगायी. त्या हाताने गोळा करण्यावाचून दुसरा उपाय मला सापडला नाही.

आता ज्यासाठी सगळे विचारतात ते, फूल कसं आलं. पहिल्या हिवाळ्यानंतर नुसतं वाचत होतो, तर इंडोनेशियात जावा बेटावर बातू नावाच्या डोंगराळ भागात विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सफरचंदाच्या बागा आहेत. तिथे फळं काढून झाली की माणसं झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडून काढतात. पानं गेली की डोळे गाढ झोपेत जायच्या आधीच फुटतात, त्यामुळे वर्षाला दोन बहार घेतात. आपल्याकडे पावसात फूल आलं तर कुजणार म्हणून मी वेळ डिसेंबरची धरली. २०२४ च्या डिसेंबरात आधी पंधरा दिवस पाणी तोडलं, मग २० तारखेला दोन्ही झाडांची एकूण एक पानं काढली, देठ खाली ओढायचा नाही, वर उचलून मोडायचा म्हणजे डोळा दुखावत नाही. फांद्यांची टोकं थोडी छाटली आणि भरपूर पाणी दिलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, हिरवंगार झाड बोडकं केलं म्हणून.

अठराव्या दिवशी डोळे फुगले. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अ‍ॅनावर पहिला गुच्छ उमलला, कळी गडद गुलाबी आणि फूल उघडलं की जवळजवळ पांढरं, कडेला गुलाबी झाक. ऑफिसला जायच्या आधी रोज जाऊन बघायचो. दोन्ही झाडांवर मिळून अकरा गुच्छ आले, एचआरएमएन आठवडाभर उशिरा फुललं पण मधले चार दिवस दोन्ही एकत्र होते. मुलीच्या रंगाच्या ब्रशने या झाडाचं परागकण त्या झाडाला लावले. नऊ फळं धरली, एवढ्याशा झाडाला झेपणार नाही म्हणून पाच लिंबाएवढी असतानाच काढली, हात धजत नव्हता. उरलेल्या चारांना माकडं आणि वटवाघळं नकोत म्हणून जाळीच्या पिशव्या बांधल्या.

यंदा पाऊस मे मध्येच आला हे सगळ्यांना माहीतच आहे. २० तारखेपासून जोर धरला तेव्हा फळं तयार व्हायच्या बेतात होती, एकाला देठाजवळ चीर पडली म्हणून २६ ला चारही उतरवली. सगळ्यात मोठं ११८ ग्रॅम, सगळ्यात लहान ७६. लाल म्हणाल तर फक्त उन्हाच्या बाजूने गालावर लाली, बाकी पिवळट हिरवं, कारण लाल रंग भरायला गार रात्री लागतात आणि त्या आपल्याकडे नाहीत. चव आंबट-गोड, रसाळ, बाजारातल्या सफरचंदासारखा कडक कुरकुरीतपणा नाही, आणि बाहेर चार दिवस ठेवलं तर गर पिठूळ होतो, त्यामुळे काढलं की खायचं. एक देवाला ठेवलं, एक शेजारच्या काकींना दिलं, दोन आम्ही पाच माणसांनी कापून खाल्ली. आईने बिया धुवून कागदात पुडी बांधून ठेवल्यात. तिला सांगितलं बियांतून तेच झाड येत नाही, तरी ठेवल्यात.

घ्यावं का? परसात एकाच झाडाची जागा असेल तर मानकुराद आंब्याचं कलम लावा, मी हे मनापासून सांगतो, ते आपल्या मातीतलं आहे, पावसाला घाबरत नाही आणि शंभर वर्षं फळ देतं. दोन-तीन उंच, निचऱ्याच्या, सकाळच्या उन्हाच्या जागा असतील आणि वर्षातून निदान आठवडाभर झाडाजवळ बसायची तयारी असेल तर दोन जाती मिळून घ्या, एमएम १११ वर, डिसेंबर-जानेवारीतच. कुंडीत लावायचं असेल तर खाली भोकं मोठी करून चिऱ्याचे तुकडे घाला, मला स्वतःला कुंडीचा अनुभव नाही.

दुसरा पावसाळा दोन्ही झाडांनी पानावर थोडे ठिपके सोडले तर नीट काढला, बुंध्याची साल नखाने खरवडून बघितली, दोन्हीकडे हिरवी आहे. एचआरएमएन आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पाणी ५ तारखेपासून तोडलंय, येत्या शनिवारी पानं काढणार, या वेळी आई म्हणाली खालच्या फांद्यांची मी काढते.