करवाढीचे सत्ताविसावे मत : विश्रामबागेतील एका अभ्यासवर्गाविषयी

सांगलीत विश्रामबागेतल्या एका सभागृहात शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग झाला. विषय होता राज्याचा अर्थसंकल्प अडतो तेव्हा आमदार काय करतात हा, शुल्क माणशी १,२०० रुपये, आणि त्यात एक वेळचे जेवण, चहा, रात्रीचे भडंग व एक छापील पुस्तिका एवढे धरलेले होते. संयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्या मी त्यांना आधीच लेखी कळवल्या असून दुरुस्तीची संधी त्यांना मिळायला हवी.

मी व्यवसायाने कर सल्लागार आहे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडत्यांची विवरणपत्रे भरण्यात माझी पंचवीस वर्षे गेली, त्यामुळे कर कसा भरायचा आणि कुठे अपील करायचे हे मला चांगले ठाऊक आहे. तो कर लावण्यासाठी ज्याला सभागृहात 'होय' म्हणावे लागते, त्या माणसाच्या बाजूने मात्र मी कधी विचार केला नव्हता. या वर्गाने तो करायला लावला, आणि शुल्क वसूल झाले असे मी म्हणतो ते एवढ्याच कारणासाठी.

पहिल्या दिवशीची व्याख्याने थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. सकाळचे वक्ते विषय जाणणारे होते, पण ध्वनिक्षेपक घरघरत होता आणि मागच्या तीन रांगांना अर्धे भाषण ऐकूच आले नाही. दुपारच्या सत्रात राज्यघटनेतील अनुच्छेद १९९, धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाविषयीचे विधेयक), लेखानुदान (तात्पुरती खर्चमंजुरी) आणि विनियोजन विधेयक (तिजोरीतून पैसे काढण्याची परवानगी) हे सगळे वीस मिनिटांत उरकण्यात आले, ते कोणाच्याही डोक्यात राहिले असेल असे वाटत नाही. खरा वर्ग सुरू झाला तो संध्याकाळी पाचनंतर.

संयोजकांनी उदाहरण निवडले होते ते फेब्रुवारी २००९ मधील कॅलिफोर्नियाचे. त्या राज्याला तेव्हा सुमारे ४,२०० कोटी डॉलरची तूट भरून काढायची होती. कर्मचाऱ्यांना महिन्यातून दोन दिवस बिनपगारी रजेवर पाठवणे सुरू झाले होते आणि सरकारी बांधकामे थांबत चालली होती. तेथे त्या काळी अर्थसंकल्पालाही दोन-तृतीयांश मते लागत, आणि करवाढीला तर १९७८ च्या सार्वमतापासून ती लागतातच. सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या चाळीसपैकी सत्तावीस आणि असेंब्ली या कनिष्ठ सभागृहाच्या ऐंशीपैकी चौपन्न असे ते गणित होते. बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचे, पण सिनेटमध्ये सत्तावीसचा आकडा गाठायला रिपब्लिकन पक्षाचे तीन सदस्य हवे होते; आणि त्या पक्षाच्या बहुतेक आमदारांनी करवाढ करणार नाही अशा लेखी शपथेवर सही केलेली होती. गंमत अशी की करवाढ मागणारे राज्यपाल आर्नोल्ड श्वार्झनेगर हेही त्यांच्याच पक्षाचे. तेथील राज्यपाल थेट निवडून येतो आणि सरकार तोच चालवतो, हे संयोजकांनी सुरुवातीलाच समजावून सांगितले ते बरे झाले, नाहीतर आपल्याकडच्या राज्यपालांचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून अर्धा वर्ग गोंधळला असता.

त्या चाळीस जणांच्या सिनेटचे प्रात्यक्षिक आम्हालाच करायचे होते आणि आम्ही छत्तीस जण होतो. उरलेली चार नावे 'अनुपस्थित' म्हणून फलकावर लिहिली गेली, आणि येथेच पहिला धडा मिळाला. सत्तावीसचा आकडा एकूण सदस्यसंख्येवर ठरलेला असल्यामुळे गैरहजर राहणे आणि विरोधात मत देणे यांत काहीच फरक उरत नाही. आपल्या विधानसभेत उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमतावर निर्णय होतो. म्हणजे विरोधकांनी सभात्याग केला तर कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोमध्ये, करवाढ पडली असती आणि मुंबईत ती अधिक सोपी झाली असती. घोषणा देत बाहेर पडणाऱ्या आमदारांची छायाचित्रे मी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात पाहत आलो, पण ही बाब माझ्या लक्षात कधी आली नव्हती.

चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या गेल्या. माझ्या वाट्याला शेतीप्रधान मतदारसंघाचा एक रिपब्लिकन सिनेटर आला, आणि शेजारच्या खुर्चीवर कवठेमहांकाळकडचे एक द्राक्ष बागायतदार होते, त्यांनाही तसलाच मतदारसंघ मिळाला. सगळे त्यांना आण्णा म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. प्रत्येकाला एक पाकीट देण्यात आले. त्यात पक्षाच्या शपथेची प्रत होती, मतदारसंघातून आलेली दोन काल्पनिक पत्रे होती आणि एक कोरी चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर, मत द्यायचे झाल्यास त्या बदल्यात काय मागाल, ते दोन ओळींत लिहायचे होते. आण्णांनी क्षणाचाही विचार न करता 'म्हैसाळचे आवर्तन वेळेवर', म्हणजे उपसा योजनेचे पाणी वेळेवर सुटावे, असे लिहून चिठ्ठी दुमडली.

मग संयोजकांनी खऱ्या माणसाने काय मागितले ते सांगितले. तिसरे मत ज्यांचे मोलाचे ठरले ते सिनेटर एबल माल्डोनाडो स्वतः स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या कुटुंबातले, सांता मारियाचे माजी महापौर. त्यांनी पेट्रोलवरील बारा सेंटची प्रस्तावित करवाढ काढून टाकायला लावली, पक्षाचा विचार न करता सर्व उमेदवार एकाच प्राथमिक निवडणुकीत (अंतिम लढतीचे उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत) उतरतील असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवायला लावला, आणि राज्याच्या नियंत्रकाच्या, म्हणजे राज्याचे हिशेब आणि देणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातील नव्या फर्निचरचे सुमारे दहा लाख डॉलरही वगळायला लावले.

"अहो, एवढं मोठं मत हातात आणि फर्निचर कशाला मागायचं? पाणी मागावं की," आण्णा म्हणाले.

"मागितलं नाही आण्णा, काढायला लावलं," मी म्हणालो.

"मग गावात जाऊन सांगणार काय? खुर्च्या येऊ दिल्या नाहीत म्हणून?"

या प्रश्नावर पुढचा अर्धा तास गेला आणि तो संपूर्ण वर्गातला सर्वोत्तम अर्धा तास होता. एका गटाचे म्हणणे असे पडले की चार हजार दोनशे कोटींच्या खड्ड्यापुढे दहा लाखांचे फर्निचर ही निव्वळ दाखवण्याची गोष्ट आहे. माजी जिल्हा परिषद सदस्य असलेल्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "कर वाढवला हे लोकांना समजतंच. त्यांच्यासमोर उभं राहताना उधळपट्टी अडवल्याची एक तरी गोष्ट हातात लागते." त्यांनी निवडणूक लढवलेली होती आणि आम्ही लढवलेली नव्हती, हे त्या वाक्यात स्पष्ट दिसत होते.

रात्री नऊला मतदान पुकारले गेले. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये सदस्याचे नाव पुकारून मत घेतात, आणि आकडा भरत नसेल तर मतदान खुले ठेवून सदस्यांना आतच थांबवता येते. २००९ मध्ये तसेच केले गेले. सिनेटर रात्रभर सभागृहात अडकून पडले, १७ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीच्या सुमारास रिपब्लिकन सदस्यांनी आपल्याच गटनेत्याला, तडजोड केली म्हणून, पदावरून काढले, आणि १९ फेब्रुवारीच्या पहाटे सत्ताविसावे मत पडले. आमच्याकडे निवेदिका हजेरीपट वाचावा तशी नावे वाचत होती. फलकावर सव्वीस रेघा ओढून झाल्या आणि माझे नाव आले. हातातला चहा निवलेला होता, समोर सगळे ओळखीचे लोक होते, हा खेळ आहे हे मला पक्के माहीत होते, आणि तरीही मी 'विचार करून सांगतो' असे म्हणालो. कर सल्लागाराने दुसऱ्याचे पैसे वाचवायचे असतात. दुसऱ्यावर कर बसवणारे शेवटचे मत आपले असावे ही कल्पनाच मला पेलली नाही.

आम्हाला रात्रभर कोंडण्याची योजना मात्र बारगळली, कारण सव्वानऊला रखवालदाराने किल्ल्यांचा जुडगा वाजवून दहाच्या आत सभागृह रिकामे करण्यास बजावले आणि तासगावकडच्या मंडळींना शेवटची एसटी गाठायची होती. सॅक्रामेंटोमध्ये आमदारांना आत कोंडले होते, विश्रामबागेत आम्हाला बाहेर काढले गेले. संयोजकांनी जागेची वेळ आधी ठरवून घेतली असती तर ही फजिती टळली असती.

आता पुस्तिकेविषयी. चाळीस पानांच्या या पुस्तिकेत तुटीचा आकडा '४२ कोटी डॉलर' असा छापलेला आहे. बिलियनचे कोटी करताना दोन शून्ये गळली आणि शंभरपट चूक झाली. भाषणात तो बरोबर सांगितला गेला, पण पुस्तिका घरी नेणाऱ्याला एवढ्या लहान तुटीसाठी हे लोक पहाटेपर्यंत का भांडत होते, असा प्रश्न पडल्याशिवाय राहणार नाही. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. विक्रीकर 'एक टक्क्याने वाढला' असे तेथे लिहिले आहे. प्रत्यक्षात राज्याचा मूळ दर १ एप्रिल २००९ पासून ७.२५ टक्क्यांवरून ८.२५ टक्के झाला, म्हणजे कराचा बोजा जवळजवळ चौदा टक्क्यांनी वाढला. वाहन परवाना शुल्क ०.६५ टक्क्यांवरून १.१५ टक्के झाले. वीस हजार डॉलर किमतीच्या गाडीला १३० डॉलर पडत होते तेथे २३० पडू लागले. असे उदाहरण दिले असते तर मत देणाऱ्याची धास्ती पुस्तिकेतूनही कळली असती. दर वाढणे आणि बोजा वाढणे यांतला हा फरक मी माझ्या अशिलांना दर वर्षी समजावतो, म्हणून तो डोळ्यांना टोचला.

सर्वांत मोठी उणीव मात्र ही की पुस्तिका आणि रविवारचे समारोपाचे सत्र, दोन्ही १९ फेब्रुवारीच्या पहाटेलाच थांबतात. मत धोक्याचे होते असे दोन दिवस ऐकवायचे आणि त्या धोक्याचे पुढे काय झाले ते सांगायचेच नाही, हे सौदा दाखवून भाव न सांगण्यासारखे आहे. ते सांगण्याजोगे होते, म्हणून येथे नोंदवतो. त्याच वर्षी १९ मे रोजी या तडजोडीतील प्रस्ताव मतदारांपुढे गेले. वाढीव करांची मुदत लांबवणाऱ्या प्रस्तावासह पाच प्रस्ताव मतदारांनी फेटाळले आणि तुटीच्या वर्षात आमदारांना पगारवाढ नको, हा एकच मंजूर केला. तूट पुन्हा उघडी पडली, आणि २ जुलैपासून राज्याच्या नियंत्रकाने, ज्यांची देणी बाकी होती त्यांना पैशांऐवजी ३.७५ टक्के व्याजाच्या वचनचिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. मार्केट यार्डात ज्याने विकलेल्या मालाच्या पट्टीचे पैसे पुढच्या तारखेला घेतले आहेत, त्याला याहून वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. सर्व उमेदवारांच्या एकत्र प्राथमिक निवडणुकीचा माल्डोनाडो यांचा प्रस्ताव जून २०१० मध्ये मंजूर झाला. ते स्वतः राज्यपालांच्या नियुक्तीने उपराज्यपाल झाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच पदाच्या निवडणुकीत हरले. त्याच निवडणुकीत मतदारांनी अर्थसंकल्पासाठीची दोन-तृतीयांशाची अट काढून साधे बहुमत पुरेसे ठरवले, पण करवाढीसाठीची अट तशीच ठेवली. एका मताचे एवढे धागे निघतात. ते न उलगडता आम्हाला प्रमाणपत्रे वाटण्यात आली.

रविवारी आपल्याकडच्या स्थितीवर चर्चा व्हायची होती, तिला उरलासुरला पाऊण तास मिळाला. तेवढ्यात एवढे निघाले की १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप (पक्षादेश) मोडून मत देणाऱ्या आमदाराचे सदस्यत्वच धोक्यात येते, अर्थविषयक विधेयकावर सरकार हरले तर ते सरकार टिकत नाही, विधान परिषद धन विधेयक चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही, आणि बहुतेक वेळा मतदान आवाजी असते. मी विचारले की मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात सीएनजीवर चालणाऱ्या खाजगी चारचाकींचा वाहनकर शेकड्यामागे एक रुपयाने वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा माझ्या आमदाराने काय म्हटले हे मी कोठे पाहावे. वक्त्यांनी प्रश्न चांगला असल्याचे सांगितले आणि चहाची सुटी जाहीर केली. वस्तू व सेवा करानंतर राज्याच्या हाती मुद्रांक, मद्य, इंधन, वाहने, वीज आणि व्यवसाय कर असे मोजकेच कर उरले आहेत, म्हणजे हा प्रश्न वर्षातून फार तर दोनदा पडतो. पाऊण तासाऐवजी त्याला एक सकाळ देणे अवघड नव्हते.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर घेण्याचा विचार आहे. कर, लेखा किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंध असलेल्यांनी जरूर जावे, पुढच्या रांगेत बसावे आणि पुस्तिकेतील आकड्यांवर विसंबू नये. नुसत्या व्याख्यानांसाठी जाणाऱ्याला १,२०० रुपये महाग वाटतील. शनिवारची संध्याकाळ चुकवू नये. महाराष्ट्र विधानसभेच्या पद्धतीनेही एक प्रात्यक्षिक घ्यावे अशी सूचना मी अभिप्रायाच्या कागदावर लिहिली, तेव्हा शेजारी बसलेल्या आण्णांनी ती वाचली आणि त्याला वेगळा दिवस धरू नका, जेवणाआधी दोन मिनिटांत उरकेल, एवढे खाली स्वतःच्या हाताने लिहून सही केली.