मनगटपट्टीतली बेल: टच सेन्सरचा धागा आठ महिने वापरल्यावर

सासूबाईंची बोटं संधिवातानं वाकलीत, बेलचं बटण दाबवत नाही. म्हणून जूनमध्ये मनगटाला बांधायची एक कापडी पट्टी शिवली आणि तिच्यावर वीजवाहक धाग्यानं फूल भरलं. दुसऱ्या हाताचा तळवा नुसता टेकला की स्वयंपाकघरातला बझर वाजतो. आत ईएसपी३२ (स्पर्श ओळखू शकणारी छोटी संगणक-चिप) आणि छोटी बॅटरी.

पहिली पट्टी एकपदरी होती. बझर थांबेचना, कारण धाग्याला वरचा तळवा काय आणि खालचं मनगट काय, सारखंच. गोधडीसारखे चार पदर घातले तेव्हा शांत झाला.

मग बडोद्याचा पाऊस. "अगं, मी हातसुद्धा लावला नाही गं!" असं आई रात्री दोनदा म्हणाल्या. हात लागला की सेन्सरचा आकडा घसरतो, पण कापड दमट झालं तरी तो घसरतोच. ठरावीक आकड्याशी तुलना करणं सोडलं, मागच्या काही मिनिटांच्या सरासरीशी करायला लागले. घामानं पट्टी चिंब झाली तर मात्र अजूनही फसते, बदलावीच लागते.

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा मऊ, भरायला सुरेख. धुण्यात काळवंडला, तरी स्पर्श ओळखत राहिला. एलईडी लावायचा असता तर धाग्याचा विजेला वाढलेला रोध नडला असता, इथे नाही. तुटला तो सर्किट जोडणाऱ्या टिचबटणापाशी. तिथे आता स्टीलचा धागा आहे: ताठ, गाठ सुटू पाहणारा, म्हणून गाठीवर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब. स्टीलवर साधं सोल्डर बसत नाही, म्हणून मंगळबाजारातली पितळी टिचबटणं. सर्किट काढून पट्टी हातानं धुते, ब्लीच अजिबात नाही. लीव्हाइस-गूगलच्या २०१७च्या जॅकेटमध्येही बाहीत धागा विणलेला आणि इलेक्ट्रॉनिक्सचा टॅग काढता येणारा होता. ही रचना खरंच शहाणपणाची आहे.

दिवाळीत पट्टीला आईंच्या जुन्या शालूचा काठ लावला. खरी जर, म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार. फुलाचा एक टाका तिला लागला आणि काठावर कुठेही हात टेकला तरी बझर! मी टाका उसवायला घेतला, तर आई म्हणाल्या, "राहू दे. अंधारात फूल शोधावं लागत नाही."

तो टाका तसाच आहे.