तालुका न्यायालयातील फौजदारी मध्यस्थी : दोन बैठकांचा अनुभव

मराठवाड्यातील एका तालुका न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात गेल्या वर्षी मी जखमीचा वकील म्हणून दोन वेळा बसलो. पुनर्स्थापक न्याय, म्हणजे गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्याची हानी केंद्रस्थानी ठेवणारा न्याय, हा माझ्या एलएल.एम.च्या प्रबंधाचा विषय असल्यामुळे या सेवेकडे मी पक्षकाराइतकाच अभ्यासक म्हणूनही पाहत होतो. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

माझे पक्षकार साठी ओलांडलेले शेतकरी. गाव त्यांना तात्या म्हणते. आरोपी भावकीतलाच, चुलत पुतण्या. बांध कोरल्यावरून बाचाबाची झाली, धक्काबुक्कीत तात्या दगडावर पडले आणि उजवे मनगट मोडले. गुन्हा तडजोडपात्र, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने कायद्याने मिटवता येण्याजोगा, असल्याने न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. केंद्राने एक रुपयाही शुल्क घेतले नाही, हे आधीच नोंदवतो.

पहिली बैठक वीस मिनिटांत संपली. दवाखान्याचा खर्च किती झाला आणि समोरचा किती देतो, एवढेच मध्यस्थांनी विचारले. चाळीस हजारांवरून पंचवीस हजारांपर्यंत घासाघीस झाली, तीही आम्हा दोन वकिलांमध्ये. तात्या टोपी मांडीवर ठेवून गप्प बसले होते. मीही त्यांना बोलायला सांगितले नाही, याची खंत अजून वाटते. ज्याचा हात मोडला तोच त्या खोलीत सर्वांत परका होता.

दुसऱ्या तारखेला मध्यस्थ बदलल्या होत्या. त्या आधी तात्यांना आणि मग पुतण्याला स्वतंत्रपणे भेटल्या, वकील बाहेर. त्यानंतर सर्वांना एकत्र बसवून त्यांनी तात्यांना एवढेच विचारले, की हात मोडल्यापासून घरात काय काय बदलले. तात्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटे आवळून दाखवली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तळव्यापर्यंत पोहोचत नव्हते. “चाड्यावर मूठ धरता येईना बाबा आता. बी गळतंय बोटातून,” ते म्हणाले. पुतण्या बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. “तात्या, मला वाटलं हात कवाच बरा झाला,” एवढेच त्याच्या तोंडून निघाले. मग जे ठरले त्यात पंचवीस हजार होतेच, पण मृगाचा पाऊस पडला की तात्यांचे रान आधी पेरायचे, आपले नंतर, हे पुतण्याने स्वतःहून कबूल केले आणि बांधाची सरकारी मोजणी निम्म्या-निम्म्या खर्चाने करायचे ठरले.

दोन बैठकांमधला हा फरक मध्यस्थाच्या स्वभावापुरता नाही, पद्धतीचा आहे. 1974 मध्ये कॅनडातील एलमायरा गावी दोन तरुणांनी बावीस ठिकाणी मोडतोड केली, तेव्हा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारात पाठवले; भरपाई त्यानंतर आली, आधी भेट झाली. हेदर स्ट्रँग, लॉरेन्स शर्मन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये पीडित व आरोपींच्या समोरासमोरच्या बैठकींच्या दहा यादृच्छिक चाचण्यांचा (कोणाला बैठक मिळणार हे जणू चिठ्ठी टाकून ठरवलेल्या प्रयोगांचा) एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण काहीसे घटलेले आणि पीडितांचे समाधान वाढलेले दिसले. अशा बैठकींत प्रत्येकाला आधी वेगळे भेटून तयार करणे हे संयोजकाचे पहिले काम असते. आपल्याकडे नेमके तेच गाळले जाते, आणि मध्यस्थी म्हणजे लोकअदालतीची लहान आवृत्ती होऊन बसते.

गावाकडच्या वाचकांना 15 ऑगस्ट 2007 पासूनची तंटामुक्त गाव मोहीम आठवेल. मिटवण्याची सवय तिने रुजवली, पण कित्येकदा ‘मिटवा एकदाचं’ म्हणणारा आवाज गावातल्या वजनदार माणसाचा असतो आणि मिटवून घेणारा दुबळा. म्हणूनच ही सेवा कुठे चालणार नाही हेही स्पष्ट असायला हवे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे तडजोडपात्र नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत न्यायालयांनी तडजोड किंवा विवाह सुचवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये अपर्णा भट प्रकरणात बजावले आहे. केंद्राच्या भिंतीवर मध्यस्थीचे फायदे सांगणारा फलक होता. ‘नाही म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे’ हे वाक्य त्यावर कुठेही नव्हते. जखमी माणसाला सर्वांत आधी तेच वाक्य दिसायला हवे.

सर्वांत मोठी उणीव बैठकीनंतरची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 प्रमाणे तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो आणि प्रकरण संपते. पैसे त्याच दिवशी हातात पडले म्हणून ठीक. पेरणीचा शब्द पाळला गेला की नाही, हे विचारणारे मात्र कोणी उरत नाही. महिन्याभराने एक फोन करण्याइतकी व्यवस्था केंद्राने ठेवली तरी पुष्कळ होईल.

तुमचे प्रकरण मध्यस्थीला गेले, तर स्वतंत्र भेट लेखी अर्ज देऊन मागा, आणि बोलणे वकिलावर सोपवू नका. आमच्या प्रकरणात जूनच्या शेवटी पुतण्याने तिफण आधी तात्यांच्या रानात घातली. मोजणीची तारीख अजून आलेली नाही, आणि केंद्रातून विचारणाही झालेली नाही.