चिनी शिकवायला शिकले, त्याचा हिशेब

पेइचिंगमध्ये, म्हणजे बीजिंगमध्ये, दोन वर्षं काढून चिनी भाषा अध्यापनाचं एमए संपवलं. 'जाऊ का गं?' असे मेसेज येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण तक्रारीही आहेत.

आधी हे डोक्यातून काढा की तिथे जाऊन चिनी सुधारेल. चीनमध्ये ही पदवी 2007 साली सुरू झाली तीच परदेशी लोकांना चिनी शिकवणारे शिक्षक घडवायला. भाषा घरूनच न्यायची. माझ्या वेळी शिष्यवृत्तीला एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पाचव्या पातळीत 300 पैकी 210 गुण लागायचे, शिवाय तोंडी परीक्षा. मी जेमतेम त्यात बसले आणि पहिला महिनाभर वर्गात नुसती मान डोलवत होते. सहावी पातळी करूनच जा.

सगळ्यात रमले ते उच्चारांच्या तासाला. बाईंनी प्रत्येकाला ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावली. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहितात, त्यातला 'बी' वाचताना पट्टी हलायची नाही, 'पी' वाचताना फडफडली पाहिजे. इंग्रजीवाल्यांची पट्टी काही केल्या ऐकेना. आपल्याला त्यात काय, सरळ प आणि फ! 'झेड' म्हणजे तर चक्क चमच्यातला च. शहराचं नाव पेइचिंग का, हे तेव्हा कानाला पटलं. तोरा उतरवला तो सुरांनी. 'माय' खाली जाऊन वर आला तर विकत घेणं, वरून धाडकन खाली आला तर विकणं. फळवाल्याला मी आठवडाभर संत्री विकत होते.

पाठ घ्यायचे तास मात्र खरोखर पैसे वसूल. माझ्या वाट्याला 'बा'ची वाक्यं आली. 'पुस्तक टेबलावर ठेव' यात 'बा' हा शब्द लावून पुस्तक क्रियापदाच्या आधी आणायचं. मराठीत आपण तेच करतो, त्यामुळे मला वाटलं, सोपं आहे. फळ्यावर कर्ता, कर्म, बाण काढत बसले. सरांनी मध्येच थांबवलं, माझ्या हातात पुस्तक दिलं आणि म्हणाले, ठेव. मग खुर्चीवर, मग खिडकीत, आणि दर वेळी वर्गाने वाक्य म्हणायचं. 'चिंग च्यांग, त्वो लिएन', थोडं सांगा, भरपूर करून घ्या. हे त्यांच्याकडचं ब्रीदच आहे, पण माझ्या डोक्यात गेलं ते त्या पुस्तकामुळे.

आता रडगाणं. आम्हा परदेशी मुलांचा वर्ग वेगळा, चिनी मुलांचा वेगळा, म्हणजे चीनमध्ये राहून दिवसभर थाय आणि रशियन मुलांशी चिनी बोलायचं. प्रत्यक्ष शाळेत शिकवायला मिळालं ते फारच थोडं. सुलेखन, कागदकाम, ताय-ची यांचे तास मजेचे, पण पुढे 'संस्कृती' म्हटली की पुन्हा कात्री आणि लाल कागदच. साहित्य तोंडी लावण्यापुरतं. चिनी लेखक लू शूनची 1919 मधली 'खोंग यीजी' ही कथा वाचली, त्यात तो दारिद्र्याने गांजलेला पंडित गुत्त्यातल्या पोऱ्याला 'ह्वे' हे अक्षर लिहायच्या चार तऱ्हा शिकवायला बघतो आणि पोऱ्या वैतागतो. पुढचाच तास अभिजात चिनीचा होता. वर्गात सगळे एकमेकांकडे बघून हसलो.

पैशांचं: शिष्यवृत्तीत फी माफ, वसतिगृह फुकट, वर महिन्याला 3000 युआन. कँटीनमध्ये जेवलात तर पुरतात. प्रबंध चिनीतच लिहायचा असतो आणि उचलेगिरी तपासणारं सॉफ्टवेअर दयामाया दाखवत नाही. वर्गातल्या निम्म्या जणांनी प्रश्नावली वाटून विषय उरकला. मी 'बा'वर लिहिलं आणि दुसरा हिवाळा त्यात गेला. एकूण या पदवीला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. शिक्षक व्हायचं असेल तर चार.