मागाच्या शेडमध्ये टीटी टेबल : दहा महिन्यांनंतर

आमच्या घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे टॉवेलचे चार माग चालायचे. चार वर्षांपूर्वी आबांनी ते भंगारात दिले आणि मग शेडमध्ये उरलं काय, तर पाण्याची पिंपं, बॉबिनांची खोकी आणि माझी बंद पडलेली स्कूटर. सोलापूरच्या पूर्व भागात अशा रिकाम्या शेडा गल्लोगल्ली सापडतील. लेक आठवीत गेली, शाळेत टेबल टेनिस खेळायला लागली आणि घरी टेबल आणा म्हणून मागे लागली. गेल्या दसऱ्याच्या आधी आणलं. हिवाळा, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, उन्हाळा आणि आता पाऊस, एवढं सगळं त्या टेबलाने पाहून झालंय. म्हणून आता लिहितोय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं.

टेबलाचं माप सगळीकडे एकच : नऊ फूट बाय पाच फूट, उंची अडीच फूट. नेमकं सांगायचं तर २७४ सेंमी, १५२.५ सेंमी आणि ७६ सेंमी. पण टेबल बसलं म्हणजे खेळ बसला असं होत नाही. आमची शेड ३० बाय १४ आहे, म्हणजे दोन्ही टोकांना साडेदहा फूट उरतात आणि बाजूंना साडेचार. एवढ्या जागेत मागे सरून मारता येतं. माझ्या भाच्याचा जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, हॉल १६ बाय ११. त्याला मी हॉलमध्ये नऊ बाय पाचचा खडूने चौकोन आखायला लावला आणि कडेला उभा राहून बॅट फिरव म्हटलं. पहिल्याच फोरहँडला कोपर शोकेसला लागलं. त्याचा विषय तिथेच संपला, पैसे वाचले. लांबी १८-२० फूट आणि रुंदी ११-१२ फूट यापेक्षा कमी जागा असेल तर पूर्ण मापाच्या टेबलाच्या भानगडीत पडू नका.

पहिला विचार अर्थातच सुताराकडून करून घ्यायचा होता. ओळखीचा सुतार म्हणाला, "कशाला पुण्याला पैसे घालता मालक, मी प्लायमध्ये ठोकून देतो." मलाही पटलं. पण कागदावर आकडे मांडल्यावर घोळ लक्षात आला. बाजारातली प्लायची शीट आठ बाय चार फुटांची असते. टेबलाचा अर्धा भाग असतो पाच बाय साडेचार. चार फुटी शीटमधून साडेचार फूट निघणार कुठून? प्रत्येक अर्ध्यात एक सांधा आलाच, आणि सांध्यावर पडलेला चेंडू उसळतच नाही, जागेवर बसतो. सुताराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरू की, दिसणार नाही." दिसणार नाही हे खरंच होतं. चेंडूला मात्र कळलं असतं.

मग पुण्याला जाऊन दुकानं पाहिली. टेबलाचा वरचा पाट लाकडाचा असतो असा माझा समज होता. घरगुती टेबलांत तो बहुतेक भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा असतो, पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, वर निळा नाहीतर हिरवा रंग. फरक असतो तो जाडीत : १२, १६, १९, २५ मिमी. स्पर्धेची टेबलं २५ ची. १२ मिमीवर मी स्वतः खेळून पाहिलं, चेंडूचा आवाज पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा येतो आणि मध्यभागी उसळी मेलेली असते. २५ चं टेबल सुंदर होतं, पण वजन शंभर किलोच्या वर आणि किंमत माझ्या ठरवलेल्या आकड्याच्या दुप्पट. मी १९ मिमी, चाकांचं, दोन स्वतंत्र अर्ध्यांचं टेबल घेतलं. घरपोच २६ हजार ठरले.

"घरपोच" या शब्दाचा अर्थ मला नंतर कळला. माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला येऊन पडला आणि फोन आला, घेऊन जा. छोटा हत्ती केला, दोन हमाल घेतले, वरचे नऊशे गेले. खोकं उघडलं तर एका अर्ध्याचा कोपरा अंगठ्याएवढा उडालेला. दुकानदार म्हणाला ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, ट्रान्सपोर्टवाला म्हणाला पावतीवर "माल चांगल्या स्थितीत मिळाला" अशी तुमची सही आहे. सही होतीच, खोकं न उघडता केलेली. तो कोपरा आजही तसाच आहे, वर एम-सील लावलंय. तुम्ही गोडाऊनलाच खोक्याचे चारही कोपरे उघडून बघा आणि मगच सही करा. हमाल कुरकुर करतील, करू द्या.

जोडणीला दोन तास लागतात असं कागदावर छापलं होतं. आमचा अख्खा रविवार गेला. आमच्या मागांवर जे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, होते त्यांना बोलावलं होतं, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि थेट पाणसळ काढली. दोन्ही अर्धे जोडून झाल्यावर टेप घेऊन कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत, साधारण ३१३.५ सेंमी. एक ३१३.५ आला, दुसरा ३१४ च्या पुढे. म्हणजे एक अर्धा किंचित तिरका बसला होता. बोल्ट ढिले करून, सरकवून, पुन्हा आवळले. ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नव्हती.

जमिनीचं नशीब चांगलं. शेडला कोबा आहे. मागांच्या फाउंडेशनचे बोल्ट कापून टाकले तिथे खळगे आहेत, तेवढे सिमेंटने भरून घेतले. घरात खाली शहाबादी फरशी आहे. तिथे हेच टेबल मांडलं असतं तर प्रत्येक पायाखाली पुठ्ठ्याची घडी लागली असती. टेबलाच्या पायांना खालून फिरवून उंची कमीजास्त करायच्या गोट्या आहेत का, हे दुकानातच वाकून पाहा. माझ्या टेबलाला आहेत, आणि मी जाडीच्या खालोखाल त्यालाच मान देईन. चाकांचं तसंच. माझी चार इंची आहेत, खळग्यांवरून जातात. अडीच इंची असती तर लेकीने एकटीने टेबल उघडलंच नसतं, आणि जे टेबल उघडायला बापाला हाक मारावी लागते ते दुसऱ्या महिन्यापासून भिंतीलाच टेकून राहतं.

उसळीबद्दल. नियमाप्रमाणे ३० सेंमीवरून सोडलेला चेंडू साधारण २३ सेंमी उसळायला हवा, आणि टेबलभर सारखाच. मी पट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं. मध्यावर बावीसच्या आसपास, कडेला जिथे खाली लोखंडी फ्रेम आहे तिथे थोडी जास्त, आणि एका जागी, डाव्या अर्ध्यात आतल्या बाजूला, जेमतेम एकवीस. लेकीने ती जागा आठवड्यात शोधली आणि सर्व्हिस तिथेच टाकायला लागली. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, फरक पडलेला नाही. १९ मिमीकडून घरच्या खेळाला एवढं पुरे.

आता आबा. ते कॉलेजात जिमखान्याचे खेळाडू होते. टेबल आल्यावर त्यांनी चेंडू हातात घेतला आणि म्हणाले, "हा फुगलाय." खोटं नाही, त्यांच्या वेळचा चेंडू ३८ मिमीचा, २००० पासून तो ४० चा झाला आणि २०१४ नंतर सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. गेम आता अकराचा आहे हे त्यांना अजून मान्य नाही. नातीशी खेळताना एकवीसचाच गेम आणि पाच-पाच सर्व्हिस. गुडघ्यामुळे ते स्टुलावर बसून खेळतात, आणि तिथे या टेबलाचा एक दोष कळला. टोकाचे पाय कडेपासून वीत-सव्वावीतच आत आहेत, बसलेल्या माणसाचे गुडघे त्यांना आपटतात. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंसाठी पाय टोकापासून किमान ४० सेंमी आत असलेलं टेबल लागतं. २०२१ च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये भाविना पटेलचा रौप्यपदकाचा सामना मी टीव्हीवर पाहिला होता, तेव्हा टेबलाच्या पायांकडे कोण बघतंय! घरात कुणी बसून खेळणारं असेल तर दुकानात खुर्ची मागवा आणि बसून बघा.

उन्हाळ्याचं सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या अनुभवात हे येणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे आणि डोक्यावर पत्रा. पंखा लावला की चेंडू हलतो, चेंडूचं वजनच २.७ ग्रॅम. पंखा बंद केला की माणूस हलत नाही. कूलर आणून पाहिला. वाऱ्याचं तोंड भिंतीकडे वळवलं, तरी अर्ध्या तासात टेबलावर आणि बॅटच्या रबरावर ओलसर थर बसला, स्पिन लागेना, चेंडू नुसता घसरायला लागला. कूलर परत घरात गेला. शेवटी सकाळी सहा ते साडेसात आणि रात्री नऊनंतर, एवढाच खेळ उरला. शेडवर पांढरा उष्णतारोधक रंग मारला, त्याने बरं झालं, पण दुपारी दोनला खेळता येईल इतकं नाही. टेबलाचा पाट मात्र वाकला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. उन्हाची तिरीप पडते तिथे जुनी चादर टांगली होती, ते कामी आलं असावं.

उजेडाचा खर्च टेबलाच्या हिशेबात कुणी धरत नाही. आधी एकच ट्यूब होती, माझीच सावली चेंडूवर पडायची. आता चार एलईडी ट्यूब आहेत, टेबलाच्या लांबीला समांतर, दोन्ही बाजूंना दोन-दोन. आणि चुन्याच्या भिंतीवर पांढरा चेंडू दिसतच नव्हता, म्हणून खांद्याच्या उंचीपर्यंत गडद हिरवा रंग मारला. वायरिंग, ट्यूब, रंग मिळून सहा हजारांच्या वर गेले. पहिला महिनाभर आढ्यावरून मागांच्या काळातली रुई भुरभुरत होती. टेबल पुसायचं, दोन गेम खेळायचे, पुन्हा पुसायचं. रबराला रुई चिकटली की ते तुळतुळीत होतं.

टेबलासोबत आलेली नेट टाकाऊ. मध्ये झोळ पडायचा. नेटची उंची १५.२५ सेंमी हवी, आम्ही त्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवलाय. दोन महिन्यांत स्क्रूची चांगली नेट वेगळी घेतली. एक अर्धा उभा करून एकट्याने खेळायची सोय बघून मी हुरळलो होतो. पंधरा दिवस लेक खेळली. उभ्या पाटावरून चेंडू फार पटकन परत येतो, हात ठोकळ्यासारखा नुसता अडवायला शिकतो. तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका. तिसऱ्या महिन्यात टेबल करकरायला लागलं, १३ नंबरच्या पान्याने सगळे नट आवळले, आवाज गेला. आता दर दोन महिन्यांनी आवळतो.

आणि आता खरं नुकसान. घडी घातलेलं टेबल उभं असलं की आमच्या आईला ते टेबल दिसत नाही, कपडे वाळत घालायचा स्टँड दिसतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि एका रात्री तिने धुतलेली चादर, घरचीच, चांगली जाड सोलापुरी, टेबलावर पसरली. ती चादर ओली असताना किती पाणी धरते हे ज्याने पिळलीय त्याला ठाऊक. सकाळी वरच्या कडेला एक वीतभर पट्टा ओला होता. आठ दिवसांत तो तांदळाच्या पापडासारखा फुगला. या भुश्याच्या बोर्डात पाणी कडेने शिरतं, वरून रंग असतो पण कड जवळजवळ उघडी असते, आणि एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही. आईला मी काही बोललो नाही. ती आपणहून म्हणाली, "एवढं सव्वीस हजारांचं आणि पाणी चालत नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जॉबरकाकांनी सँडपेपरने तो पट्टा घासला, वर लॅकर मारला आणि उरलेल्या सगळ्या कडांनाही दोन हात दिले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पांढरी रेघ तिथे थोडी वाकडी झालीय, चेंडू कडेला लागला की नाही यावरून आबा आणि लेकीची रोज भांडणं होतात.

पुन्हा घेतलं तर? जाडी १९ चीच घेईन, २५ ला जाणार नाही. पण पाय आत असलेलं बघेन आणि वॉटरप्रूफ कव्हर त्याच दिवशी घेईन. कव्हर आता घेतलंय, चौदाशेचं. आईसाठी शेडमध्ये पलीकडच्या भिंतीला दोन हूक ठोकून जाड दोरी बांधून दिली आहे. पहिल्याच दिवशी तिने ते कव्हर धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं.